नऊ वाजेपर्यंतची बोली

फॅक्टरीतल्या दहा-बारा जणांनी मिळून लावलेली पांढरी गाडी रोज संध्याकाळी साडेपाचला गावच्या फाट्यावर थांबायची. ऋतिकाला घड्याळ कळत नव्हतं, पण गाडी बरोबर कळायची. तीन वर्षांची पोर. पाच वाजले की एका पायात चप्पल घालून ओट्याच्या कडेला येऊन बसायची. दुसरी चप्पल कुठं गेली याची तिला फिकीर नसायची. गाडीतून नवीनकाका उतरला की ही सुटलीच. मग काकाच्या खांद्यावर बसून, त्याच्या मानेभोवती दोन्ही पाय टाकून, सगळ्या गल्लीला हात करत घरी यायची.

नवीन तिचा सख्खा काकाही नव्हे. तिच्या बापाचा, जीवरामचा चुलत भाऊ. भिंतीला भिंत लागून घर. वरणगावच्या फॅक्टरीत कायमची नोकरी, आठ तासांची पाळी, रविवारी सुटी, वर्षाच्या रजा वेगळ्या. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. ऋतिकाची आई मेघा निंदणीला जायची, म्हणून पोरीला दिवसभर नवीनची बायको सारिका सांभाळायची. संध्याकाळी नवीन सांभाळायचा. आणि बाप? बाप केळी वाहत होता.

जीवराम वना मुकादमाच्या टोळीत होता. पहाटे चारला पिकअप यायची आणि कधी रावेरकडे, कधी चोपड्याकडे, जिथला बाग कापायचा असेल तिथं घेऊन जायची. दोघं-तिघं घड कापायचे, बाकीचे खांद्यावर गादी टाकून ते ट्रकपर्यंत वाहायचे. वाहण्याचं जीवरामला काही वाटत नव्हतं. अकरा वर्षं वाहून उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली होती, तीही आता अंगाचीच झाली होती. त्याला खायची ती ट्रकची वाट. माल कापून सावलीला रचलेला आणि ट्रक अजून भुसावळच्या पलीकडे. दोन तास, चार तास, निंबाखाली नुसतं बसून राहायचं. ते काम नव्हतं आणि घरही नव्हतं. ट्रक कधी येणार ते वनाला माहीत नसायचं, वनाच्या वरच्या व्यापाऱ्यालाही माहीत नसायचं. चैत्राच्या झळा तोंडावर घेत जीवराम मोबाइलमध्ये वेळ बघायचा. साडेपाच वाजले की फाट्यावर थांबलेली गाडी आणि नवीनच्या खांद्यावर चढणारी पोर त्याला दिसायला लागायची.

हेवा होता तो. उगाच दुसरं नाव कशाला द्या? जीवरामला स्वतःलाही ते पक्कं माहीत होतं आणि त्याची लाजही वाटायची, पण लाज वाटली म्हणून हेवा काही कमी होत नाही.

रात्री आठला तो घरी पोचायचा तेव्हा ऋतिका नवीनच्या मांडीवर बसून वरणभात खात असायची. नवीन आंघोळ करून, पावडर लावून, बनियनवर. जीवराम अजून चिकाच्या कपड्यांत. केळीचा चीक ओला असतो तोवर पाण्यासारखा दिसतो, सुकला की काळा पडतो आणि कपड्यावरून जन्मात जात नाही. एकदा त्यानं तसेच हात पुढे केले.

"ये ना वं माय, बाबाकडी."

ऋतिकानं तोंड फिरवलं. "नही. बाबाले वास येतो."

सगळे हसले. जीवरामही हसला. मग मोरीत जाऊन त्यानं रॉकेलचा बोळा घेऊन हात इतके घासले की कातडी सोलवटली.

एका दिवशी ट्रकच आला नाही. टोळी चारलाच परतली. जीवरामला घबाड सापडल्यासारखं झालं. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तो ओट्यावर आला. ऋतिका एका चपलेत फाट्याकडे बघत बसलेली. तो तिच्याशी बोलला, ती हं हं करत राहिली, नजर फाट्यावरच. मग या एकतीस वर्षांच्या माणसानं काय करावं?

"काका आज येनार नही," तो म्हणाला. "त्याची गाडी बिघडली."

पोरीचा ओठ खाली आला. डोळे भरले. तिनं चप्पल काढून ठेवली आणि हुंदके देत भिंतीशी सरकली. जीवरामनं तिला जवळ घ्यायचा प्रयत्न केला, ती ताठ झाली. तेवढ्यात गाडी आली. नवीन उतरला. ऋतिकानं आधी गाडीकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं आणि मग अनवाणीच धावत सुटली.

"बाबा खोटं बोलते," ती काकाच्या खांद्यावरून सगळ्या गल्लीला सांगत आली.

नवीननं ओट्यावरची चप्पल उचलून तिच्या पायात घातली. तेच जीवरामला जास्त लागलं.

चैत्र संपत आला तसं नवीनला फॅक्टरीच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की जायचं ठरलं. सारिका आनंदानं भांडी बांधायला लागली आणि मधेच ऋतिकाला छातीशी धरून रडायला लागली. तेव्हा जीवरामची आई कुंदाबाई भाकरी थापता थापता बोलली. जे बोलायचं ते ती नेहमी भाकरी थापतानाच बोलायची, म्हणजे समोरच्याकडे बघावं लागत नाही.

"पोरीले धाडू त्यायच्यासंगं. तेथी शाया हाये, दवाखाना हाये. इथी तिले पाहायले कोन हाये? मी डोयानं आंधयी, मेघा वावरात."

जीवरामच्या हातातला घास हातातच राहिला. "आन् मी?"

"तू कवा राहतो घरी?"

"माही पोर हाये ती."

मेघानं ताटावरून मान उचलली. "मलेही नही वाटत धाडावं. पन एक सांगा. मकरसंक्रातीले ताप आला व्हता तिले, आकडी आली व्हती. तवा फैजपूरच्या दवाखान्यात कोन बसलं दोन दिवस? नवीनभाऊजींनी रजा टाकली. तुमी कोठी व्हते?"

तो रावेरकडे होता. वना म्हणाला होता, दोन खेपा बुडवल्या तर गादी घरी ठेवायची, दुसरा माणूस तयार आहे. एक माणूस कमी झाला की त्याचे घड बाकीच्यांच्या खांद्यावर येतात, त्यामुळे टोळीतलंही कुणी कुणाची बाजू घेत नाही. त्या दिवशी जीवराम घड वाहत राहिला होता आणि दुसऱ्या दिवशीही गेला होता. हे सगळं त्याला सांगता आलं असतं. पण मेघाला ते माहीत होतं, म्हणून तर तिनं विचारलं होतं.

"अखाजीलोक पाहू," एवढं म्हणून तो उठला.

पुढच्या रविवारी त्यानं वनाला फोन करून ताप आल्याचं सांगितलं. आज पोर आपली. नवीनची सुटी म्हणजे नवीनचा दिवस, हे त्याला मोडायचं होतं. त्यानं सकाळीच ऋतिकाला उचलून आणलं, आंघोळ घातली. पाणी डोळ्यात गेलं म्हणून ती किंचाळली. "काका आधी पाय धुते," असं तिनं बजावलं. दूध कोणत्या पेल्यातून पिते ते त्याला माहीत नव्हतं. दोन पेले तिनं ढकलून दिले, तिसऱ्यातून प्यायली. नवीननं आणलेला पिवळा फ्रॉक तिला घालायचा होता, दुसरा चालणार नव्हता. जीवरामनं दात आवळत तोच घातला, आणि बटणं पाठीमागे असतात हे त्याला घातल्यावर कळलं.

नऊ वाजता वनाचा फोन आला.

"ताप असो का काही असो, गाडी तुमच्याच गावच्या शिवारात लागली हाये. अभिमन आबाचा बाग. तीन मानसं कमी हाये. येशीन तं ये, नही तं गादी कायमची ठेव."

जीवरामनं पोरीकडे पाहिलं. शेजारी नेऊन द्यावी? ओट्यावर नवीन पेपर वाचत बसला होता, आणि पेपरवरून त्याची नजर इकडेच होती. जीवरामनं गादी उजव्या खांद्यावर टाकली, पोर डाव्या कडेवर घेतली आणि नवीनच्या समोरून बागेकडे निघाला.

बांधावर आंब्याच्या सावलीला त्यानं तिला गमछ्यावर बसवलं. "हालजो नको."

पहिल्या खेपेला तिनं हात हलवला. दुसऱ्या खेपेला ती उभी राहिली होती. बाप दोन माणसांच्या उंचीएवढ्या केळीतून वाकून बाहेर येतो, खांद्यावर तिच्यापेक्षाही मोठा हिरवा घड असतो आणि तो धावल्यासारखा ट्रककडे जातो, हे तिनं आजपर्यंत पाहिलंच नव्हतं. तिला बाप म्हणजे रात्री येणारा एक वास होता. पाचव्या खेपेला ती मधे येऊन उभी राहिली.

"बाबा, मले बी."

"चाल, सरक."

"मले बी दे!"

कापणाऱ्या कुंदननं हसत एका घडाची फणी कापली. जीवरामनं गमछ्याची घडी करून तिच्या इवल्या खांद्यावर ठेवली आणि त्यावर ती फणी. ऋतिकानं दोन्ही हातांनी ती धरली, मान वाकडी केली, थेट बापासारखी, आणि तुरुतुरु ट्रकपर्यंत गेली. सगळी टोळी काम सोडून ओरडायला लागली. "आली रे आली, नवी मजूर आली!" वनासुद्धा हसला. ती परत आली आणि म्हणाली, "आजून." अशा तिनं सात खेपा केल्या. त्या क्षणी नवीननं इथं असावं आणि हे बघावं, असं जीवरामला फार वाटलं.

ताज्या कापलेल्या फणीतून चीक गळतो, हे त्या पंधरा माणसांतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. येणार कसं? वर्षानुवर्षं चिकात राहिलेल्या माणसाला चीक दिसत नाही.

घरी येईपर्यंत पिवळ्या फ्रॉकवर खांद्यापासून कमरेपर्यंत काळा ओघळ उतरला होता. मान आणि गळा लालबुंद. पोर खाजवून खाजवून रडायला लागली. मेघानं कपाळावर हात मारून घेतला. सारिका "अरे देवा" म्हणत खोबरेल घेऊन धावली. नवीननं मोटरसायकल काढली, पोरीला पुढे टाकीवर बसवलं, मेघाला मागे घेतलं आणि फैजपूरला डॉक्टरकडे गेला. जीवराम अंगभर चीक घेऊन दारात उभा राहिला. त्याला गाडीवर बसायला जागाही नव्हती.

"पाह्यलं?" कुंदाबाई आतून म्हणाली.

डॉक्टरनं मलम दिलं, तीन दिवसांत गळा बरा झाला. फ्रॉक मात्र गेला. मेघानं तो सोड्यात उकळला, लिंबू लावलं, दगडावर आपटला. डाग जिथल्या तिथं. ती त्याचं पोतेरं करायला निघाली तर ऋतिकानं असा काही गोंधळ घातला की शेवटी फ्रॉक पुन्हा दोरीवर गेला.

"म्या केयी वाह्यल्या त्या फराकात," ती येईल त्याला सांगायची. दुकानदाराला सांगितलं, अंगणवाडीच्या ताईला सांगितलं. संध्याकाळी फाट्यावरून येताना काकाच्या खांद्यावरून सांगितलं, "काका, तुले येते का केयी वाह्यता?"

"नही वं."

"माह्या बाबाले येते."

त्या दिवशी जीवराम घरी होता. त्यानं ते ऐकलं, आणि नवीनचं तोंडही पाहिलं. नवीन हसला खरा, पण हसण्याआधी त्याच्या तोंडावर जे येऊन गेलं ते जीवरामनं बरोबर ओळखलं. रोज साडेपाचला निंबाखाली तेच त्याच्या स्वतःच्या तोंडावर असायचं. आपल्याला आनंद व्हावा असं त्याला वाटलं. थोडा झालाही. पण पुरता झाला नाही.

अखाजीला सालदारांची, म्हणजे वर्षाच्या करारानं शेतावर राबणाऱ्या गड्यांची, सालं संपतात आणि पुढच्या वर्षाच्या अटींची नवी बोली होते. गावात पोरींनी निंबाला झोके बांधले होते, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. जीवराम सकाळीच अभिमन आबांच्या ओट्यावर गेला. तिथं चार जण बसले होते. आबांचा जुना सालदार सोडून गेला होता. बागेला रात्रीचं पाणी भरून भरून तो कंटाळला होता.

"आबा, मी साल धरतो."

आबांनी चष्मा वर केला. "तू? टोयीतला मानूस? वनाशी वाजलं का काय?"

"नही. बोली करू."

"कर ना. धान्य, दोन कपडे, चपलेचा जोड, पोयाची सुटी. बाकीच्याले देतो तेच तुले. आजून काय?"

जीवराम म्हणाला, "रोज सकाई नऊ वाजेपर्यंत मी वावरात येनार नही. सांजचे पाच वाजले का मी घरी."

चौघांतला एक जण म्हणाला, "आन् मधी काय, जेवायले येशीन का?" सगळे खो खो हसले.

"रातचं पानी बठ्ठं माह्याकडे," जीवराम म्हणाला. "ज्या आठवड्यात मोटरची लाइट राती राहीन, त्या आठवड्यात रोज. एक रात चुकनार नही."

हसणं कमी झालं. रात्रीच्या पाण्याला माणूस मिळत नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"नऊपर्यंत घरी काय करतो?" आबांनी विचारलं.

आई आजारी आहे असं सांगता आलं असतं. रस्त्यानं येताना तेच ठरवलं होतं. पण एकदा ओट्यावरच पोरीला खोटं सांगून झालं होतं, आणि त्याचं काय झालं ते त्यानं भोगलं होतं.

"पोरीले आंघोय घालीन. अंगणवाडीत नेऊन सोडीन."

आता तर हसणाऱ्यांचं पोट दुखायला लागलं. "बायकोले धाड साल धराले, तू घरी बांगड्या भर," मघाचाच माणूस म्हणाला. जीवरामचे कान तापले. पायाच्या अंगठ्यानं तो जमीन उकरत राहिला, पण हलला नाही.

"असं बोलीत आजलोक कोनी मांगतलं नही," आबा म्हणाले.

"म्या मांगतलं."

दारातून आबांची बायको सुगंधाबाई बोलली. ती कधीपासून तिथं उभी होती कोण जाणे. "धरा ना त्याले. पानी तं भरीन. तुमच्या पोराले, भूषणले, तवा कोनत्या शायेत घातलं व्हतं, ते तरी तुमाले सांगता येईन का?"

आबांनी चष्मा काढून धोतराला पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "चहा आन." चहा आला म्हणजे बोली झाली.

घरी येऊन त्यानं मेघाला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. "टोयीत जास्त भेटत व्हतं," ती म्हणाली.

"व्हतं."

"रातभर पानी, सकाई पोरगी, दिवसा वावर. झोपसान कवा?"

"दुपारी, बांधावर."

मेघा उठून आत गेली. भांड्याचा आवाज झाला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ऋतिकाची फणी आणि दोन लाल रिबिनी होत्या. त्या तिनं त्याच्या हातात दिल्या. "मंग येनी घालाले शिका."

कुंदाबाईनं भाकरी उलटली.

नवीनला त्यानं स्वतः जाऊन सांगितलं. "पोर इथीच राहीन."

"बरं केलं भाऊ," नवीन पटकन म्हणाला. फार पटकन. मग मोटरसायकलची चेन उतरली नव्हती तरी तो खाली बसून ती बसवायला लागला.

दोन दिवसांनी सकाळी सामानाचा टेम्पो आला. जीवराम रात्रभर पाणी भरून नुकताच आला होता. पायाला अजून चिखल होता. त्यानं ऋतिकाची आंघोळ उरकली होती, आधी पाय मग डोकं, आणि दोन वेण्या घातल्या होत्या. एक कानाच्या पुढे आली होती, दुसरी मागे. सारिका पोरीचे पटापट मुके घेत होती. कपाट चढलं, गाद्या चढल्या.

जीवराम दोरीखालून जाताना थबकला. दोरीवर चिमटे होते, पिवळा फ्रॉक नव्हता. आणि नवीनच्या हातातल्या डब्याच्या पिशवीच्या तोंडातून पिवळ्या कापडाचं एक टोक बाहेर आलं होतं, काळ्या डागासकट. नवीननं त्याची नजर कुठं गेली ते पाहिलं. पिशवी त्यानं पोटाशी धरली.

ठेव तो, तो माझा आहे, ते डाग माझे आहेत, असं ओरडावंसं जीवरामला वाटलं.

"अहो, पोरीचा फराक कोठी गेला?" मेघा दोरीशी येऊन म्हणाली. "आताच तं व्हता."

"वाऱ्यानं उडाला असंन," जीवराम म्हणाला.

"कशाचा वारा? पान हालू नही रायलं."

"उडाला म्हनतो ना."

नवीननं मान खाली घातली. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. जीवराम नवीनजवळ गेला आणि पिशवीतून बाहेर आलेलं ते टोक बोटानं आत सारलं.

"रविवारी येत जाय," तो म्हणाला. "सुटी राहते तुले."

"राहते," नवीन म्हणाला. तो टेम्पोत चढला.

सुटी राहते. हे शब्द बोलतानाही जीवरामला तो जुना हेवा चावलाच. तो एवढ्यात जाणारा नव्हता.

टेम्पो हलला तशी ऋतिकाला काय चाललंय ते कळलं. "काका!" तिनं अशी किंकाळी मारली की झोक्यावरच्या पोरी थांबल्या. ती टेम्पोमागे धावली. जीवरामनं तिला मधेच उचललं. ती लाथा झाडत होती, मुठी मारत होती. "तू नको, तू नको," म्हणत उजव्या खांद्यावरच्या गाठीवर बुक्क्या घालत होती. गाठ ठणकली. त्यानं पोरीला डाव्या खांद्यावर घेतलं. या खांद्यानं कधी काही वाहिलं नव्हतं. तो मऊ होता. ती तिथंही रडत राहिली, पण रडता रडता तिचं डोकं टेकलं.

तो अंगणवाडीच्या वाटेला लागला. खिशात फोन वाजला. अभिमन आबा. त्यानं फोन हातात घेतला, वेळ पाहिली, आणि तसाच परत खिशात टाकला. पोरीची सुटलेली रिबीन पुन्हा बांधायला पुरेल एवढा वेळ होता. साडेआठच वाजले होते.